पहिली ऑर्डर कोणी दिली, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एका उद्योजकाची कहाणी येते. मी ती नेमाने वाचते. कोणाचे वडील लहानपणीच गेले, कोणाला जातीमुळे देवळाच्या पायरीवर चढू दिले नाही, कोणाचे घर आजारपणात विकले गेले, आणि पुढे त्याच माणसाने कंपनी उभी केली. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझे म्हणणे त्या लेखांच्या मांडणीबद्दल आहे. अर्धा लेख दुःखाचा, शेवटी उलाढाल आणि पुरस्कार, आणि मधली दहा-पंधरा वर्षे ‘जिद्दीच्या जोरावर’ एवढ्यात संपलेली. ज्या वर्षांत उद्योग खरोखर उभा राहिला, तीच वर्षे वाचकाला मिळत नाहीत.

मला हे लिहावेसे वाटले, कारण महिला दिनानिमित्त एका वर्तमानपत्रात (आपल्या नव्हे) माझ्यावरही असा लेख आला होता.

कुपवाड एमआयडीसीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. साखर कारखान्यांचे शाफ्ट, गनमेटलचे बुश (फिरत्या शाफ्टला आधार देणारी धातूची नळकांडी), कन्व्हेयरचे रोलर आणि स्प्रॉकेट आम्ही करतो, शिवाय पंपवाल्यांचे टर्निंगचे जॉबवर्क. २००९ मध्ये माझे मिस्टर हृदयविकाराने अचानक गेले. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. मी बी.कॉम. झालेली, पण लग्नानंतर घरच पाहिले. शेडवर जायचे ते खंडेनवमीला, मशीनच्या पूजेपुरते.

लेखात छापून आले की पतीच्या निधनानंतर खचून न जाता मी पदर खोचून लेथसमोर उभी राहिले. मी लेथसमोर कधी उभी राहिले नाही, आजही राहत नाही. लेथवर आमचे मिस्त्री उभे राहिले. ते आयटीआयचे टर्नर. एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून शिकले आणि मग आमच्याकडे आले. मिस्टर गेल्यावर त्यांना बाहेर जास्त पगाराचे बोलावणे होते. ते गेले नाहीत. ते गेले असते तर माझ्या जिद्दीने एकही बुश तयार झाला नसता. वार्ताहर शेडवर आल्या तेव्हा मी त्यांची ओळख करून दिली होती, फोटोही काढायला लावला होता. छापताना माझा एकटीचा फोटो आला.

खरे संकट कोणते होते तेही लेखात आले नाही. माणूस जाण्याचे दुःख कोणालाही समजते, त्यावर मी जास्त लिहीत नाही. धंद्यावरचे संकट वेगळे होते. आमची फर्म प्रोप्रायटरी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने फर्म आणि माझे मिस्टर एकच. ते गेले आणि त्याच दिवशी फर्मही गेली. चालू खात्यावर त्यांची एकट्याची सही, नॉमिनी लावलेला नाही, त्यामुळे खाते थांबले. कॅश क्रेडिटवरचे, म्हणजे धंदा चालवायला बँकेकडून घेतलेल्या उचलीवरचे, व्याज मात्र थांबले नाही. व्हॅटचा, म्हणजे तेव्हाच्या विक्रीवरच्या कराचा, टिन नंबर त्यांच्या पॅनवर होता. माझ्या नावाचा नंबर येईपर्यंत बिल काढता येईना. कारखान्यांच्या स्टोअरमध्ये व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादाराचा नंबर, त्यांच्या नावाचा. येणी कोणाकडे किती, ते एका डायरीत आणि बरेचसे त्यांच्या डोक्यात. देणी सांगायला माणसे दारात आली. येणी सांगायला कोणी आले नाही.

त्या पहिल्या वर्षात जे घडले ते असे. माझे दीर शाळेत शिक्षक. त्यांनी बँकेत जामीन म्हणून सही केली, आणि त्यांची पगाराची स्लिप होती म्हणून ती सही चालली. बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी थकलेल्या कॅश क्रेडिटचे मुदतीच्या कर्जात रूपांतर केले आणि हप्ते ऑफ सीझनची बिले निघाल्यानंतर सुरू होतील असे बसवून दिले. माझ्या पाटल्या सोनेतारणात गेल्या, त्यातून कामगारांचे पगार झाले. सासूबाईंनी, पोटचा मुलगा गेलेला असताना, माझ्या दोन्ही मुलांचे डबे, शाळा, आजारपण सगळे अंगावर घेतले. मी सकाळी साडेआठला शेडवर असायची ती त्यांच्यामुळे. आणि एका सहकारी साखर कारखान्याच्या चीफ इंजिनिअरनी पहिली ऑर्डर दिली.

त्या ऑर्डरबद्दल थोडे सांगते. साखर कारखाना साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. उन्हाळ्यापासून तोपर्यंत मशिनरी उघडून ओव्हरहॉलिंग चालते, आणि बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्याआधी सगळे पार्ट बसवून झालेले असावे लागतात. उशीर झाला तर पुरवणाऱ्याचे नाव कायमचे कटते. साहेब म्हणाले, “वहिनी, सॅम्पलप्रमाणे गनमेटलचे बुश करून द्या. मापात नसलेला नग परत येईल, त्याचे पैसे मिळणार नाहीत.” सहानुभूतीने त्यांनी भाव वाढवून दिला नाही, आणि ते फार बरे झाले. त्यांनी माल तपासून घेतला आणि बिल वेळेत पास केले. दुसऱ्या कारखान्यात गेले तेव्हा माझ्याकडे दाखवायला एक पुरी झालेली ऑर्डर होती. तोपर्यंत मी फक्त दुर्दैवी बाई होते. त्या ऑर्डरनंतर मी सप्लायर झाले.

संकटाने मला काही शिकवले नाही असे मी म्हणणार नाही. त्याने शिकवलेली गोष्ट अगदी नेमकी आहे. पैसा कुठे अडकला आहे हे ज्या घरात कोणालाच माहीत नसते, ते घर कसे बुडायला येते, ते मी पाहिले. म्हणून मी दर शनिवारी येण्यांची वही लिहायला बसते. माल पाठवल्याच्या कोणत्या चलनाचे बिल झाले, कोणते राहिले, कोणाचे किती दिवस झाले. सगळी शेड एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहील इतके काम मी कोणाकडूनही घेत नाही. खात्याला नॉमिनी आहे, दुसऱ्या सहीचा अधिकार दिलेला आहे. आमच्या भागात आमच्यापेक्षा चांगली मशीन असलेली शॉप बंद पडली आणि आमचे टिकले, त्यामागे ही वही आहे. माझ्या दुःखाचे धंद्यात काही झाले असेल तर ते एवढेच, आणि ते मला मोठे वाटते. पण लेखात ही वही आली नाही. डोळ्यांतले पाणी आले.

जे मोठे झाले त्यांच्याबाबतीतही असेच होते. आमच्याच जिल्ह्यातले अशोक खाडे यांचे उदाहरण घ्या. तासगाव तालुक्यातल्या पेड गावचे. वडील मुंबईत दादरला चित्रा टॉकीजजवळ चपला शिवायचे, आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. अस्पृश्यतेचे चटके त्यांनी सोसले. पुढे त्यांनी भावांसह दास ऑफशोअर ही कंपनी काढली. दत्ता, अशोक, सुरेश या तीन भावांच्या नावांची आद्याक्षरे म्हणजे दास. समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मची अवजड कामे ही कंपनी करते. आई जिथे मजुरी करायची तिथली जमीन त्यांनी पुढे विकत घेतली, हे सगळीकडे लिहून येते, आणि ते वाचून माझाही ऊर भरून येतो.

पण गरिबी आणि दास ऑफशोअर यांच्या मध्ये माझगाव डॉक आहे. सरकारी मालकीची ती गोदी. थोरले भाऊ दत्ता तिथे आधी लागले, मग अशोक अप्रेंटिस झाले. पगार घेत घेत ड्रॉइंग शिकले, नोकरी करून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. भारताने १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीशी पाणबुड्यांचा करार केला. दोन पाणबुड्या तिकडे बांधायच्या आणि दोन मुंबईत. त्या कामासाठी माझगाव डॉकची माणसे जर्मनीला गेली, त्यात खाडे होते. तिथल्या सहकाऱ्याच्या पगाराची चिठ्ठी पाहून आपल्या कौशल्याची किंमत काय आहे हे त्यांना कळले. याच करारातली, मुंबईत बांधलेली आयएनएस शाल्की १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली. म्हणजे एका सरकारी कारखान्याने आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने पेडच्या मुलाच्या हातात वेल्डिंगपासून डिझाइनपर्यंतची विद्या दिली. धंदा त्यांनी त्याच विद्येत काढला. यात खाडे बंधूंचे कर्तृत्व तसूभर कमी होत नाही. उलट हे सांगितले तर आज गरिबीत असलेल्या मुलाला कळते की आपण नेमके कुठे जायचे. ‘गरिबीतून वर आले’ एवढ्याने त्याला काय कळणार?

कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगानंतम यांच्याबद्दलही मला हेच वाटते. पत्नी पाळीच्या दिवसांत जुने फडके वापरते, कारण पॅड घेतले तर दुधाचे पैसे जातात, हे कळल्यावर त्यांनी स्वस्त पॅड बनवण्याचे छोटे यंत्र तयार केले. हे सगळ्यांना माहीत आहे. मला, मशीन शॉपवालीला, वेगळे दिसते. वडील हातमागावर विणायचे, ते अपघातात गेले. मुलाने चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि वर्कशॉपमध्ये लागला. वेल्डिंग येत होते, मशीन हाताखालची होती. पॅडमध्ये साधा कापूस नसून लाकडाच्या लगद्याचा तंतू असतो, हे कळायला त्यांना फार काळ लागला. पण कळल्यावर तो लगदा मोकळा करायचा, दाबायचा, निर्जंतुक करायचा, या प्रत्येक टप्प्याचे छोटे यंत्र त्यांना जोडता आले. घरातल्या अडचणीने काय बनवायचे ते दाखवले. कसे बनवायचे ते हाताला आधीपासून माहीत होते. पत्नीच्या बाबतीत हीच अडचण पाहिलेले नवरे लाखांनी असतील. यंत्र झाले ते वर्कशॉपमधल्या माणसाच्या हातून.

कल्पना सरोज यांच्यावर तर कितीतरी लेख आले. अकोला जिल्ह्यातले रोपरखेडा गाव, बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, मग मुंबईत दोन रुपये रोजाने शिवणकाम. त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी पेढे वाटले होते, ओळख नसताना. पण मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी योजनेतले कर्ज, कल्याणला केलेला फर्निचरचा धंदा, मग जमिनीच्या व्यवहारांत आलेली जाण, हा सगळा भाग एका ओळीत उरकतात. कमानी ट्यूब्ज या तांब्याच्या नळ्या करणाऱ्या कंपनीचे कामगार त्यांच्याकडे आले तेव्हा कंपनीवर शंभर कोटींवर कर्ज होते, शंभरावर खटले होते. त्या कंपनीचा कारभार हातात घेताना त्यांनी बँकांशी काय बोलणी केली, व्याज-दंडाचे काय झाले, कामगारांची थकबाकी कशी भागवली, हे मला पानभर वाचायला आवडेल. २००६ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या, त्याआधीची वर्षे याच वाटाघाटींची होती.

आणि जिथे पत द्यायलाच कोणी नसते तिथे काय करायचे, याचे उत्तर आमच्यापासून फार लांब नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातले म्हसवड. उघड्यावर संसार असलेल्या एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाआधी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी तिला पैसे साठवायचे होते. बँकेने तिचे खाते उघडले नाही. तिथे काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या बायकांना घेऊन बँक काढायचे ठरवले, तर रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या की मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हा प्रसंग मी आमच्या बचत गटात कितीदा तरी सांगितला आहे. त्या बायकांना दारिद्र्य होतेच, पण त्यांनी मागितले ते कौतुक नव्हते, परवाना मागितला.

संपादक महाशय, हे मी इतके तपशिलाने का लिहिते आहे, ते आता सांगते. माझ्यावरचा लेख छापून आल्यावर शेजारच्या तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मिस्टरांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. ते गेले आणि वर्षाच्या आत दुकान बंद झाले. त्या म्हणाल्या, “ताई, तुमच्यासारखी हिंमत माझ्यात नाही.” मी त्यांना बरेच विचारले. त्यांचा कारागीर निघून गेला आणि स्वतःचे दुकान टाकून बसला, गिऱ्हाइके त्याच्याकडे वळली. जामीन राहायला पगारदार नातेवाईक नव्हता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणजे घर सोडणे शक्यच नव्हते. गिऱ्हाइकांकडे राहिलेल्या पैशांचा एक कागद हाताशी नव्हता. माझ्याकडे जे जे होते ते त्यांच्याकडे नव्हते. हिंमत त्यांच्यात माझ्यापेक्षा जास्तच असेल. पण माझ्यावरचा लेख वाचून त्यांची अशी खात्री झाली की आपणच कमी पडलो. आधीच सगळे गमावलेल्या बाईच्या डोक्यावर हे ओझे कशाला? त्या लेखात जामीन, कारागीर आणि सासूबाई छापून आल्या असत्या तर त्यांनी स्वतःला दोष दिला नसता.

दुसरी गोष्ट पैशांची. लहान उद्योग बुडतो तो बहुतेक वेळा काम नसल्यामुळे नव्हे, केलेल्या कामाचे पैसे न आल्यामुळे. एका मोठ्या कंपनीने आमची बिले सहा महिन्यांच्या वर अडकवली होती. नाव मी इथे घेत नाही. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. तक्रारीसाठी परिषद आहे, २०१७ पासून समाधान पोर्टल आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, म्हणून आम्ही गप्प बसतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात बदल झाला. वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च खरेदीदाराला वजा धरता येत नाही. तेव्हापासून मार्च आला की कंपन्यांना आमची आठवण येते. काही जण मात्र आम्हालाच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी, रद्द करून टाका असा सल्ला देतात. आपल्या पुरवणीतल्या एका तरी यशोगाथेत ‘आमचे पैसे अमुक इतके दिवस अडकले होते आणि आम्ही असे वसूल केले’ हे वाक्य मला वाचायचे आहे. माझी खात्री आहे की प्रत्येक उद्योजकाकडे ते आहे. कोणी विचारत नाही.

माझा मुलगा आता इंजिनिअर आहे. पुण्यात मित्रांबरोबर स्टार्टअप करतो आहे. साखर कारखान्याच्या बेअरिंगचे तापमान आणि कंपने मोजून बिघाड आधी सांगणारे उपकरण. ऐन गाळपात बेअरिंग गरम होऊन मिल थांबली की काय धावपळ होते, रात्री दोनला शेड कशी उघडावी लागते, हे तो लहानपणापासून पाहत आला, तिथूनच त्याला ते सुचले. गुंतवणूकदारांपुढे मांडणी करायची होती. कोणीतरी त्याला सांगितले की सुरुवात वडिलांच्या मृत्यूने कर, परिणाम होतो. त्याने मला फोन करून विचारले, “आई, घालू का?” मी म्हटले, “घालायचे तर घाल, तुझे वडील आहेत. पण त्याच पानावर मिस्त्रीकाकांचे नाव घाल, आणि त्यांनी तुला मायक्रोमीटर धरायला शिकवला ते घाल.” त्याने बेअरिंगपासून सुरुवात केली. त्या गुंतवणूकदारांनी पैसे दिले नाहीत. पण एका कारखान्याने येत्या सीझनला दोन ठिकाणी उपकरण लावून बघायचे कबूल केले आहे. माझ्या हिशेबाने ती त्याची पहिली ऑर्डर.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की मुलाखतीला जाताना बालपणाबरोबर हेही विचारावे: काम कुठे आणि कोणाच्या हाताखाली शिकलात, पहिले भांडवल कोणाचे होते आणि तारण काय ठेवले, पहिली ऑर्डर कोणी आणि का दिली, त्या काळात घर आणि मुले कोणी सांभाळली, आज कर्ज किती आहे. सगळे सांगणार नाहीत. काही सांगतील. आणि वर्षातून एखादा लेख तरी बंद पडलेल्या उद्योगावर, तो का बंद पडला यावर यावा, त्या माणसाचे नाव न छापता. त्या मोटर रिवाइंडिंगवाल्या बाई बोलायला तयार आहेत, मी त्यांना विचारले आहे.

माझी २००९ ते २०१२ ची येण्यांची वही आणि बँकेचे कागद जपून ठेवलेले आहेत. आपला वार्ताहर कुपवाडला आला तर मी ते सगळे समोर ठेवीन. फक्त गुरुवार सोडून यावे. त्या दिवशी आमच्याकडे वीज बंद असते, मिस्त्री सुट्टीवर असतात, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

आपली नम्र,
एक लघुउद्योजिका
कुपवाड, जि. सांगली

(गिऱ्हाइकांशी संबंध असल्यामुळे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. पूर्ण नाव आणि पत्ता कार्यालयाकडे वेगळा पाठवला आहे.)